घरामागचा स्विमिंग पूल कमी खर्चात कोमट कसा ठेवायचा

पूल नवा असतो तेव्हा पोरं दिवसभर पाण्यातच असतात, आणि मग हवा जरा गार झाली की कोणी पायसुद्धा बुडवत नाही. बऱ्याच घरी असंच होतं. मग लगेच प्रश्न सुरू होतो की हीटर कुठला घेऊ. माझं म्हणणं असं की हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे पाण्यातली उष्णता जाते कुठे, दुसरा म्हणजे फुकटचं ऊन किती पदरात पडतंय. हे दोन नीट सोडवले तर हीटर कदाचित लागणारच नाही, आणि लागलाच तर बराच छोटा पुरेल. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं, आधी हीटर लावला आणि कव्हर पुढच्या वर्षी बघू म्हटलं, ते वर्ष खरंच महाग पडलं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आधी थोडा हिशोब करून टाकू

हिशोब सोपा आहे, आणि तो एकदा केला की विकणारा काय सांगतोय ते आपोआप तपासता येतं. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण १.१६ युनिट उष्णता लागते (युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचं तेच, १ किलोवॅट तास). आता ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा पूल धरा, म्हणजे जवळपास ४५,००० लिटर. १ डिग्रीला ५२ युनिट. पाणी २२ वर आहे आणि तुम्हाला २८ पाहिजे तर ६ डिग्री, म्हणजे तीनशेच्या वर युनिट, आणि हे फक्त एकदा तापवायचं, टिकवायचं वेगळं. तुमच्या पुलाची लांबी, रुंदी, सरासरी खोली गुणा, आलेल्या घनमीटरला १.१६ ने गुणा, झालं, तुमच्या पुलाची "एका डिग्रीची किंमत" मिळाली. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो.

आता उष्णता जाते कुठे. बरेच जण म्हणतात जमिनीत मुरते, भिंतीतून जाते. जमिनीतल्या पुलाचं तसं फार कमी जातं, खरी गळती वरून आहे. एकूण उष्णतेतली साधारण ७० टक्के नुसती बाष्पीभवनात जाते. ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की कशी हुडहुडी भरते, तेच पुलाला रात्रभर होत असतं. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते मागच्या पाण्यातून साधारण ०.६८ युनिट उष्णता ओढून नेतं. वरच्या पुलाची पातळी एका दिवसात ५ मिलिमीटर खाली गेली, जे डोळ्याला दिसतही नाही, तरी १६० लिटर उडालं, म्हणजे जवळपास ११० युनिट, म्हणजे पूल २ डिग्रीने गार. रोज. त्यामुळे झाकण न घालता हीटर चालवणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरत बसणं.

कव्हर, आणि ते नीट वापरणं

म्हणून सगळ्यात पहिला खर्च कव्हरचा. तापवायच्या खर्चात कव्हरमुळे ५० ते ७० टक्के बचत होऊ शकते, दुसरी कुठलीही वस्तू एवढ्या पैशात एवढं काम करत नाही. शिवाय पाणी कमी उडतं, क्लोरीन कमी लागतं, पालापाचोळा पडत नाही.

घरगुती वापराला बबलवालं सोलार कव्हर बरं पडतं, ते पॅकिंगच्या फुगेवाल्या प्लॅस्टिकसारखं दिसतं पण जाड असतं आणि उन्हात टिकावं म्हणून त्यात वेगळी प्रक्रिया केलेली असते. जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात, ४०० ते ५०० मायक्रॉनचं घेतलं तर चांगलं. बबल खाली, पाण्याकडे, गुळगुळीत बाजू वर. उलटं घालणारे पुष्कळ असतात म्हणून मुद्दाम सांगतोय, बबल पाण्याला टेकले की मधे हवेचा थर राहतो आणि तोच उष्णता अडवतो.

रंगाचा एक मोठा गैरसमज आहे. काळं ऊन शोषतं म्हणून काळं कव्हर जास्त तापवेल असं वाटतं ना? पण काळं कव्हर स्वतः तापतं, त्याच्या खालचा वरवरचा थर तापतो, आणि त्यातली बरीच उष्णता वरच्या हवेतच परत जाते. पारदर्शक किंवा फिकट निळं असेल तर ऊन आरपार जाऊन आत खोलवर पाण्यात आणि तळाशी शोषलं जातं. त्यामुळे दिवसा कव्हर घालूनच पूल तापवायचा असेल तर पारदर्शक घ्या. फक्त रात्रीच झाकणार असाल तर रंगाने फारसा फरक पडत नाही.

कव्हर पुलाच्या आकाराला बरोबर बसलं पाहिजे, कडेला फटी राहिल्या तर वारा तिथून आत शिरतो. कात्रीने कापता येतं, पण आणल्या आणल्या कापू नका, एक-दोन दिवस पाण्यावर पसरून ठेवा, घड्या मोडू द्या, मग कडेने कापा. आणि रोलर घ्या हो. लोक कव्हर घेतात, रोलरचे पैसे वाचवतात, मग ते ओलं जड प्लॅस्टिक ओढायला दोन माणसं लागतात आणि आठवडाभरात कव्हर भिंतीला टेकलेलं दिसतं. एकट्याने दोन मिनिटांत काढता-घालता आलं तरच ते रोज घातलं जातं. काढून गुंडाळलेलं कव्हर उघड्या उन्हात ठेवू नका, घड्यांमध्ये उष्णता कोंडून बबल सुटायला लागतात, वरून पांढरं कापड टाका. शॉक डोस (पाणी साफ करायला एकदम दिलेला क्लोरीनचा जास्त डोस) दिला असेल तेव्हा क्लोरीन खाली येईपर्यंत कव्हर बाहेरच ठेवा, नाहीतर ते लवकर कडक होऊन तुटतं.

आणि हे नीट वाचा. सोलार कव्हर म्हणजे सेफ्टी कव्हर नाही. ते मुलाचं वजन पेलत नाही, मूल त्यावर गेलं तर खाली अडकतं आणि वरून दिसतही नाही. पोहताना अर्धं काढून अर्धं ठेवायचं नाही, पूर्ण काढायचं. कुंपण आणि मोठ्या माणसाचं लक्ष हे कव्हर असलं तरी पाहिजेच.

बाजारात एक पातळ द्रव पण मिळतो, पाण्यात टाकला की पृष्ठभागावर अगदी पातळ थर पसरतो आणि बाष्पीभवन थोडं कमी होतं. वेड्यावाकड्या आकाराच्या पुलाला जिथे कव्हर बसतच नाही तिथे ठीक आहे, पण वारा सुटला की थर फाटतो, खऱ्या कव्हरची बरोबरी नाही.

वारा अडवा, पण सावली करू नका

झुळूक आपल्याला जाणवतही नाही आणि पुलातून उष्णता जायचा वेग मात्र कितीतरी वाढतो. वारा ज्या बाजूने जास्त येतो तिथे कुंपण, दाट झुडपांची रांग, जाळीदार पडदा, काहीही चालेल. पूर्ण बंद भिंतीपेक्षा थोडी हवा गाळून सोडणारा अडसर बरा, भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे भोवरा करतो. फक्त उंची अशी ठेवा की दुपारी पुलावर सावली पडणार नाही.

सावलीवर एवढा जोर का, तर पूल हाच तुमच्याकडचा सगळ्यात मोठा सोलार पॅनेल आहे. त्यावर पडणाऱ्या उन्हातलं ७५ ते ८५ टक्के पाणी स्वतः शोषून घेतं. चांगल्या उन्हाच्या दिवशी दर चौरस मीटरला ५ युनिट धरा, ३२ चौरस मीटरला १६०, त्यातले १२०-१३० पाण्यात उतरले. म्हणजे दिवसाला जवळजवळ अडीच डिग्री, फुकट. आणि वर बघितलं तसं ५ मिलिमीटर बाष्पीभवनात त्यातलं बहुतेक परत गेलं. तुमचा पूल तापत नाही असं नाहीये, तो तापतो आणि रात्री गमावतो. झाडाची एखादी फांदी दुपारचं ऊन अडवत असेल तर ती छाटणं हा सगळ्यात स्वस्त हीटर आहे.

याच जोडीला धबधबे, कारंजी, काठावरून पाणी वाहतं ठेवायची सोय, हे सगळं रात्री बंद. पाणी हवेत उडालं की गार होतंच, उन्हाळ्यात पूल गार करायला मुद्दाम हेच करतात.

पातळी नेहमीपेक्षा जास्त खाली जातेय असं वाटलं तर गळती आहे का ते आधी बघा, कारण गरम केलेलं पाणी जमिनीत जाऊन वर गार पाणी भरत राहिलात तर कशाचाच उपयोग नाही. बादलीत पुलाचं पाणी भरा, पायरीवर अशी ठेवा की बादलीचा बराच भाग पाण्यात राहील, आतली आणि बाहेरची पातळी खूण करा, २४ तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर बाष्पीभवन, बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. त्या दिवशी वरून पाणी भरायचं नाही आणि पोहायचंही नाही.

काळ्या पाइपचं वेटोळं

हा प्रयोग सगळ्यांना करावासा वाटतो, ठिबक सिंचनाचा काळा पाइप छपरावर गोल गुंडाळायचा आणि पंपाचं पाणी त्यातून फिरवायचं. पाइपातून येणारं पाणी हाताला कढत लागतं आणि वाटतं जमलं! पण हिशोब बघा, २० मिलिमीटरचा १०० मीटर पाइप उन्हासमोर धरतो फक्त २ चौरस मीटर. दिवसाला साधारण ६ युनिट मिळतील. आपल्या ४५,००० लिटरच्या पुलाला ५२ युनिटला एक डिग्री, म्हणजे दिवसभरात डिग्रीचा नववा-दहावा भाग. तेच ३ मीटर व्यासाच्या, ७० सेंटिमीटर पाण्याच्या मुलांच्या गोल पुलात पाणी असतं ५,००० लिटर, तिथे ६ युनिट म्हणजे रोज १ डिग्री, आणि रात्री कव्हर घातलं तर चार दिवसांत फरक कळतो. त्यामुळे छोट्या पुलाला जरूर करा, मोठ्याला यात वेळ घालवू नका.

करणार असाल तर एकच लांबलचक पाइप लावू नका, पाण्याला इतका अडथळा होतो की पंप दमतो आणि प्रवाह थेंबथेंब होतो. चार-पाच वेटोळी करा आणि ती समांतर जोडा, दोन जाड पाइपांच्या मधे शिडीच्या पायऱ्यांसारखी. मुख्य लाइनवर बायपास आणि व्हॉल्व्ह ठेवा म्हणजे फिल्टरचं काम थांबत नाही. आणि दुपारी पंप बंद असताना वेटोळ्यात अडकलेलं पाणी खूप तापतं, परत चालू करताना रिटर्नच्या (पाणी पुलात परत येतं त्या पाइपच्या) तोंडाशी कोणी मूल नाही ना हे बघूनच बटण दाबा.

सोलार पॅनेल, म्हणजे काळे मॅट

मोठ्या पुलासाठी तीच कल्पना पण नीट केलेली, काळ्या प्लॅस्टिकचे किंवा रबराचे मॅट, ज्यात शेकडो बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात. वर काच नसते, आणि लागतही नाही, कारण आपल्याला पाणी फक्त २७-२८ डिग्रीला न्यायचंय, आंघोळीच्या पाण्यासारखं ६० ला नाही. आंघोळीसाठीचे काचेचे पॅनेल पुलाला लावणं म्हणजे उगाच पैसे घालवणं.

मॅट किती? पुलाच्या पृष्ठभागाच्या ५० ते १०० टक्के. ऊन भरपूर आणि कव्हर रोज असेल तर निम्मं पुरतं, सीझन लांबवायचा असेल किंवा वारा जास्त असेल तर पूर्ण. आपल्या ३२ चौरस मीटरला १६ चौरस मीटर मॅट लावले तर चांगल्या दिवशी जवळपास १ डिग्री वाढ धरा. तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला. छप्पर थोडं तिरकं असलं तरी चालतं, पण सावली नको.

इथे एक गोष्ट मनाला पटवायला मला बराच वेळ लागला. मॅटमधून परत येणारं पाणी जेमतेम २-३ डिग्रीच जास्त गरम असतं, हात लावला तर गरम वाटतसुद्धा नाही. माणूस म्हणतो हे काही चालत नाही, आणि व्हॉल्व्ह बारीक करून पाणी हळू सोडतो, मग ते गरम लागतं आणि समाधान होतं. पण झालं उलटंच! मॅट जितका जास्त तापतो तितकी उष्णता तो हवेत टाकतो, पुलाला कमी मिळते. पाणी भरपूर फिरवा, मॅट हाताला गार लागला पाहिजे, मगच तो काम करतोय. आपल्याला थोडं कढत पाणी नकोय, खूप सारं किंचित गरम पाणी पाहिजे.

पंप उन्हाच्या तासातच चालवा, साधारण सकाळी ९ ते दुपारी ४, आणि त्यातच फिल्टरचंही काम होऊन जाऊ द्या म्हणजे वेगळी वीज जात नाही. रात्री मॅटमधून पाणी फिरलं तर पूल गार होतो, म्हणून एक साधा कंट्रोलर चांगला, छपराचं आणि पाण्याचं तापमान बघून तोच व्हॉल्व्ह फिरवतो. छपराच्या लाइनला व्हॅक्यूम ब्रेकर (लाइनमध्ये हवा आत सोडणारा) आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) विसरू नका. पंप थांबला की वरचं पाणी खाली उतरतं, आत हवा शिरायला वाट नसेल तर नळ्या चेपतात. सकाळी पंप चालू झाल्यावर पुलात बुडबुडे येतात ती हीच हवा, घाबरायचं कारण नाही. जिथे पाणी गोठतं तिथे थंडीआधी मॅट पूर्ण रिकामे करा.

हीट पंप कधी

ऊन बेभरवशाचं असेल आणि तापमान ठरलेलंच पाहिजे असेल तर हीट पंप. हा वीज जाळून उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, म्हणून १ युनिट विजेत ३ ते ७ युनिट उष्णता मिळते. या आकड्याला सीओपी म्हणतात. ६ डिग्रीला लागणारे ३१२ युनिट सीओपी ५ असेल तर जवळपास ६२ युनिट विजेत होतात.

पण पत्रकावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा उबदार, दमट हवेतला असतो. तुम्हाला हीटर लागणार गार दिवसात, म्हणून १५ डिग्री हवेतला सीओपी आणि ताकद विचारा आणि त्यावरच निर्णय घ्या. साधारण १० डिग्रीच्या खाली हवा गेली की बऱ्याच मशीनचा दम संपतो. याच कारणाने तो रात्री नाही, दुपारी चालवायचा, हवा तेव्हा सगळ्यात गरम असते. छपरावर सोलार वीज असेल तर दुहेरी फायदा. मशीन मोकळ्या जागी ठेवा, कोपऱ्यात कोंडलं तर स्वतःचीच गार हवा परत परत ओढतं. खाली पाणी ठिबकताना दिसेल, ते बहुतेक वेळा हवेतल्या दमटपणाचं असतं. शंका असेल तर टेस्ट स्ट्रिपने त्यात क्लोरीन आहे का बघा, नसेल तर गळती नाही.

१२ किलोवॅट उष्णता देणारं मशीन आपला पूल ६ डिग्री चढवायला २६ तासांच्या वर घेणार, म्हणजे फक्त दिवसा चालवलं तर तीन-चार दिवस. शनिवारी सकाळी चालू करून दुपारी पोहायचं असं यात होत नाही.

ती घाई असेल तर गॅस हीटर, तो हवा कितीही गार असली तरी झपाट्याने तापवतो. महिन्यातून एखाद-दोनदा वापरायचा पूल असेल तर तो परवडतो, रोज तापमान टिकवायला लावलात तर नाकापेक्षा मोती जड. साधा इलेक्ट्रिक हीटर १ युनिटला १ युनिटच देतो, म्हणून फक्त अगदी छोट्या पुलाला. बादलीत टाकायचा इमर्शन रॉड पुलात कधीही, कोणत्याही कारणाने टाकायचा नाही. माणूस पाण्यात असताना गळका करंट म्हणजे मरण आहे, आणि पुलाच्या सगळ्या विजेच्या लाइनला ३० मिलिअँपचा गळती-कटआउट आणि अर्थिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यात पैसे वाचवायचे नाहीत.

किती तापवायचं आणि पाण्याची काळजी

थर्मामीटर हात दीड हात खोल सोडून बघा, वरचा थर फसवतो. पोहायला, खेळायला २६ ते २८ डिग्री पुष्कळ. लहान बाळं, वयस्कर माणसं असतील तर ३० च्या आसपास. त्याच्या वर चढवायला जाल तशी प्रत्येक डिग्री जास्त महाग पडते, कारण पाणी आणि हवेतला फरक वाढला की गळतीही वाढते. आठवडाभर कोणी पोहणार नसेल तर हीटर बंद करा, कव्हर मात्र घातलेलंच ठेवा.

हीटर घेण्याआधी एक आठवडा हे करून बघा, संध्याकाळी आणि सकाळी तापमान लिहा, दोन-तीन रात्री कव्हरसह, दोन-तीन रात्री उघडं. सकाळपर्यंत किती डिग्री उतरलं त्याला तुमच्या एका डिग्रीच्या किमतीने गुणा, रोज किती भरून काढायचंय ते युनिटमध्ये समोर येतं, आणि हीटरचा आकार त्यावरून ठरतो, विकणाऱ्याच्या अंदाजावरून नाही.

पाणी उबदार झालं की शेवाळ लवकर धरतं आणि क्लोरीन लवकर संपतं, त्यामुळे आधी आठवड्यातून दोनदा तपासत असाल तर आता एक दिवसाआड तपासा. पीएच वर गेला तर गरम पाण्यात क्षार पटकन जमतात, हीटरच्या आत पांढरा थर बसतो आणि उष्णता पाण्यात जायचीच कमी होते. क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा लाइनमध्ये असेल तर तो हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यावर बसवा, मधे चेक व्हॉल्व्ह टाकून. त्या गोळ्यांचं पाणी आम्लयुक्त असतं, पंप बंद असताना ते मागे हीटरमध्ये उतरलं तर आतली तांब्याची नळी एका सीझनमध्येसुद्धा खाऊन टाकू शकतं. स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत गोळ्या ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, तिथून तेच पाणी थेट हीटरमध्ये जातं.